बैलाची दुसरी बाजू

जनगणनेचे गुरुजी घरी आले आणि त्यांनी विचारलं, "व्यवसाय?" मी म्हणालो, "बैल चालवायचो." त्यांनी मान डोलावून 'शेती' असं लिहून टाकलं. मी दुरुस्त करायला गेलो नाही. दुरुस्त करायचं म्हणजे त्यांना बसवून घ्यायचं, चहा पाजायचा आणि समजावून सांगायचं की गुरुजी, माझा बैल कागदावरचा होता, त्याला चार पावलं चालवायला मला अख्खा दिवस लागायचा आणि त्यानं आयुष्यात एक तास नांगरलेलं नाही. एवढं ऐकून त्यांनी 'बेकार' असं लिहिलं असतं.

मी कार्टून फिल्म काढणारा माणूस. आता घराघरांत पोरं दिवसभर तेच बघत असतात, पण आमच्या वेळी लातूरकडे, देवणीच्या बाजूला हा धंदा सांगणंही अवघड होतं. माझे वडील शरणप्पा हे जनावरांच्या बाजारातले नावाजलेले दलाल. माझं लग्न जमवताना त्यांनी पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, "पोरगं मुंबईला कार्टून हाय." पाहुण्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "हाव, दिसतंय की." लग्न जमलं, ही त्या मुलीची कृपा.

तर धंदा असा. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं सरकतात. आम्ही काटकसरीनं बाराच काढायचो आणि प्रत्येकाचा फोटो दोनदा घ्यायचो, डोळ्याला ते कळत नाही. मोठा कलाकार फक्त मोक्याची चित्रं काढतो: बैलानं पाय उचलला, बैलानं पाय टेकला. मधलं सगळं आमच्यासारख्यांनी भरायचं. मी मुंबईत चौदा वर्षं मधलं भरलं. मग ते चित्र सेलवर, म्हणजे पारदर्शक पातळ प्लास्टिकवर, शाईनं उतरवायचं, मागच्या बाजूनं रंग भरायचा, झाडाझुडपांच्या एका चित्रावर ते ठेवायचं, वरून कॅमेऱ्यानं टिपायचं, उचलायचं, पुढचं ठेवायचं. हे काम करणारा माणूस एक तर शांत होतो नाहीतर वेडा. मी दोन्हीच्या मधला, कारण मधलं भरण्याचीच सवय.

आमचे मुंबईचे मास्तर मात्र पक्के वेडे होते आणि म्हणूनच थोर होते. त्यांचा नियम असा, की जे काढायचं ते आधी स्वतः चालून बघायचं. एकदा घोडागाडीची जाहिरात आली तेव्हा आम्ही सहा बाप्ये गुडघ्यांवर आणि हातांवर खोलीभर फिरत होतो, आणि मास्तर मागून ओरडत होते, "मागचा डावा आधी! मागचा डावा!" तेवढ्यात गिऱ्हाईक दारात आलं. तो केसांच्या तेलाचा व्यापारी होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, चप्पल पुन्हा पायात घातली, पण गेला नाही. त्याच्या तेलाच्या बाटलीला आम्ही हातपाय काढून नाचवणार होतो. चित्रं बघून तो फार अस्वस्थ झाला आणि म्हणाला, "एवढी नाचली तर तेल सांडेल हो." आम्ही सगळे हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बाटलीच्या तोंडावर बूच चितारलं आणि सगळी चित्रं पुन्हा करायला लावली.

या मास्तरांचं एक वाक्य मी लातूरला येताना पदराला बांधून आणलं, आणि त्यानंच माझा घात केला. ते म्हणायचे, "बघणारा चाल बघतो. अंगावरचे ठिपके कोणी मोजत नाही."

मुंबईचा स्टुडिओ बंद पडला तेव्हा मास्तरांनी मला एक जुना सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आणि वापरलेल्या सेलचे गठ्ठे देऊन टाकले. त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाला होता. मी मनाशी म्हटलं, नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि कचेरीच्या आधी लागते पाटी. अंदाज खरा ठरला. दर आठवड्याला कुठेतरी एक नवी कचेरी उघडायची. कधी साहेब यायच्या आधी पाटी लागायची, कधी इमारत मिळायच्या आधी. मी शिडीवर चढून 'जिल्हा' हा शब्द रंगवत असायचो आणि औसा-निलंग्याहून एसटीनं आलेली माणसं खालून माझ्याच हातात अर्ज द्यायची. मी ते घेऊन नीट वाचायचोही. दोन-तीन अर्जांवर सल्ला दिलेला आठवतो.

पाट्यांवर पोट भरत होतं, पण कॅमेरा गप्प बसू देत नव्हता. कॅमेरा छताकडून खाली बघेल असा लोखंडी सांगाडा मी नांदेडच्या एका वेल्डरकडून करवून घेतला. तो धान्याच्या चाळण्या करायचा. "तोंड खाली करून फोटो कशाचा काढताल? जमिनीचा?" असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. पुढे तो सांगाडा न्यायला गेलो तेव्हा त्याच्या ओळखीच्या दोघांनी माझ्याकडे शेतात पाणी कुठे लागेल याची चौकशी केली.

नांदेडनंच मला सोनकांबळे बाई दिल्या. त्या मूळच्या तिथल्या, लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. शाळा सुटली की माझ्या भाड्याच्या खोलीत येऊन सेलवर शाई उतरवायच्या. हात असा, की माझी थरथरलेली रेघसुद्धा त्यांच्या ब्रशखाली सरळ व्हायची. बोलायच्या कमी, आणि बोलल्या तर ते ऐकायला हवं असायचं. हे मला उशिरा कळलं.

आमचं पहिलं गिऱ्हाईक निलंग्याचा एक कापडवाला. टॉकीजमध्ये मध्यंतराला दाखवायची जाहिरात त्याला हवी होती, आणि तीत त्याच्या वारलेल्या वडिलांनी गिऱ्हाइकांना हात जोडायला हवे होते. भिंतीवरचा फोटो घेऊन आम्ही दीड सेकंदाचा नमस्कार केला. तो इतका चांगला उतरला, की त्याची म्हातारी आई पहिल्याच खेळाला डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. मागचे लोक ओरडले, "बसा की आजी!" ती म्हणाली, "त्यांचं होऊ द्या, मग बसते." पुढे आठवडाभर ती रोज मध्यंतरापुरती टॉकीजला यायची. माझ्या कामाला याहून मोठी दाद कोणी दिलेली नाही, आणि त्या कौतुकानं माझं डोकं फिरलं हेही सांगून टाकतो.

मग दुष्काळ पडला. लागोपाठ दोन वर्षं पाऊस असा गेला, की लोक ढगांकडे बघायचेही बंद झाले. माझ्या खोलीत भलतीच अडचण झाली. सेल महाग, म्हणून एकदा टिपलेल्या सेलवरचा रंग धुऊन आम्ही त्या पुन्हा वापरायचो, आणि घरमालकीणबाई टँकरचा हंडा कडेवर घेऊन दारात उभ्या राहायच्या. "प्यायला पानी न्हाई, आन् तुमी खुशाल बैल धुऊन राहिलात!"

होय, बैलच. नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीतले सहस्रबुद्धे साहेब एक दिवस माझ्याकडे आले. पुण्याचे, तरुण, मनानं फार चांगले, इस्त्री कडक. देवणीच्या पलीकडे जनावरांसाठी चाऱ्याची छावणी उघडली होती. चारा होता, पाणी होतं, डॉक्टर होता, फक्त जनावरं येत नव्हती. कारण एक अफवा: छावणीत जनावरं बदलतात. तगडं ठेवून घेतात, मरतुकडं हातात देतात. साहेबांनी पत्रकं वाटली, भाषणं केली. लोक माना डोलवायचे आणि जनावरं घरीच ठेवायचे.

"तुम्ही एक छोटीशी कार्टून फिल्म करा," साहेब म्हणाले. "बैल छावणीत जातो, खातो, धष्टपुष्ट होऊन घरी परत येतो. बस्स. लोकांच्या मनातला संशय जायला हवा."

मी तीन आठवड्यांत करतो म्हणालो. दलालाचा मुलगा, बैल काढायचा, आणखी काय हवं होतं? मी पांढऱ्यावर काळे डाग असलेला, आमच्याकडे ज्याला शेवरा म्हणतात तसा बैल घेतला. सुरुवातीला तो तुमच्याकडे समोरून बघतो: उजवा गाल काळा, डावा पांढरा. मग वळून उजवीकडे चालू लागतो. फासळ्या दिसतायत, मान खाली. त्या थकलेल्या चालीवर मी आठ दिवस घालवले. हातापायांवर खोलीभर रांगलो. सोनकांबळे बाईंनी तेवढ्यापुरतं भिंतीकडे तोंड केलं.

छावणीत जाऊन खाऊन-पिऊन झालं, आता बैल घरी आणायचा. म्हणजे डावीकडे चालवायचा. दिवस उरले होते चार. इथे आमच्या धंद्यातली एक चोरवाट सांगतो. चित्राच्या कागदाला खाली तीन भोकं असतात, ती टेबलावरच्या खुंट्यांवर बसवली की कागद हलत नाही. कागद उलटा केला तरी भोकं बरोबर बसतात. खाली दिवा लावला, की मागून तेच चित्र दिसतं, फक्त तोंड दुसरीकडे. उजवीकडे चालणारा बैल फुकटात डावीकडे चालायला लागतो. फासळ्या तेवढ्या झाकायच्या. सगळे जण करतात. मीही केलं.

दुसऱ्या दिवशी बाई दिव्याच्या काचेवर वाकल्या होत्या. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"भाऊ, डाग हिकडच्या गालावर आला."

"येऊ द्या."

"उजव्या गालावर होता ना?"

"बाई, बघणारा चाल बघतो. ठिपके कोणी मोजत नाही."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ब्रश उचलला. फिल्म धुवायला हैदराबादला गेली, आली, आणि मी ती डब्यात घालून मोठ्या ऐटीत जीपमध्ये बसलो.

गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून मला बघून हसतात. शाळेची मोठी खोली होती. खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी अंधार केला होता. समोर धोतर ताणलेलं, मध्ये प्रोजेक्टर, आणि फिल्म मुकी असल्यामुळे माइक माझ्या हातात. दीड-दोनशे माणसं दाटीवाटीनं बसलेली. पहिल्या ओळीत काशिनाथअप्पा. गावात त्यांचा शब्द चालायचा, आणि बैलांच्या बाबतीत आजूबाजूच्या दहा गावांत. छावणीत जायचं की नाही, हे गाव त्यांच्याकडे बघून ठरवणार होतं.

बैल पडद्यावर आला, आणि मागचे लोक गुडघ्यांवर उठून बघू लागले. आपल्यातला बैल चित्रात बघायची त्यांची पहिलीच वेळ. त्यानं मान खाली घालून पाऊल टाकलं तसं एक बाई म्हणाली, "उपाशी हाय गं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बैल छावणीत गेला. खाल्लं, प्याला, शेपटी हलवली. लोक हसले. आणि मग तो ऐटीत घराकडे निघाला. मी माइक तोंडाजवळ घेऊन, आवाज जरा भारदस्त करून म्हणालो, "आणि बघा मंडळी! तोच बैल धडधाकट होऊन घरी परत आला!"

मग पहिल्या ओळीतून, अगदी शांतपणे, अप्पांचा आवाज आला.

"त्यो न्हाई."

"काय म्हणता?" साहेब म्हणाले.

"त्यो बैल ह्यो न्हाई. त्याचा उजवा गाल काळा हुता. ह्याचा डावा हाय. केसांचा भवरासुदीक हिकडचा तिकडं गेलाय. मशीन बंद करा."

मग जो गलका उठला तो मी आयुष्यात विसरणार नाही. "आरं, सिनेमातबी बदलला की!" "म्या म्हनलं न्हवतं?" "बगा, सरकारनं सोताच दाखवून टाकलं!" एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "चांगला तोंडवळ्याचा बैल हुता माय, गेला."

सहस्रबुद्धे साहेब दोन्ही हात वर करून उभे राहिले. "अहो, चित्र आहे ते! चित्रातला बैल आहे!"

अप्पा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "साहेब, चित्रातला एक बैल तुमाला धड सांभाळता आला न्हाई. खऱ्या छावणीत दोनशे कसे सांभाळताल?"

साहेबांनी हात खाली घेतले. मी माइक खाली ठेवला. छावणीबद्दलची जी अफवा मोडायला मी निघालो होतो, ती मी चोवीस चित्रं सेकंदाला या हिशेबानं, पुराव्यानिशी, गावासमोर सिद्ध करून दाखवली होती. आणि तेही कोणी? शरणप्पा दलालाच्या मुलानं, ज्याच्या बापानं जन्मभर लोकांना सांगितलं, की जनावर घ्यायचं तर दोन्ही बाजूंनी फिरून बघा.

खोली रिकामी झाल्यावर अप्पा माझ्यापाशी आले. "तू शरणप्पाचा पोरगा, मल्लू ना? चल घरी."

मला वाटलं, आता मार बसणार. त्यांनी मला गोठ्यात नेलं. गोठ्याला छप्पर नव्हतं. छपराचं गवत काढून त्यांनी बैलांना घातलं होतं, आणि तेही संपलं होतं. दोन बैल होते. हिरा पांढरा, जरा तरणा. दुसरा बादल, थोराड, अंगावर डाग. तो भिंतीला लागून उभा होता, डावी बाजू माझ्याकडे. उभा म्हणजे भिंत होती म्हणून उभा. मी आठ दिवस रांगून रांगून जी चाल काढली होती ती खोटी नव्हती, पण खऱ्या उपाशी बैलाला पाऊलच टाकवत नाही हे मला ठाऊक नव्हतं.

मी अप्पांना सगळं सांगितलं. कागद उलटा केला, आळस केला, बाई बोलल्या होत्या तरी ऐकलं नाही. "छावणीचा काही दोष नाही अप्पा. उद्याच घेऊन जा यांना."

अप्पांनी ऐकून घेतलं. "तू म्हंतोस त्ये खरं आसंल. पर चूक तुजी का छावणीची, ह्ये मला कसं कळावं? म्या आज नेले तर सारं गाव माज्यामागं नेणार. उद्या एकाचा जरी बदलला तर गाव मला इचारंल, तुमी तर डोळ्यांनी बगितलं हुतं, अप्पा." मग म्हणाले, "नीट करून आण. बैल जातो त्योच येऊ दे. मग नेतो."

जीप लातूरला पोचली तेव्हा साहेब म्हणाले, "मला वाटतं, मी बदलीचा अर्ज देतो." मी म्हणालो, "आधी मला धुवायला पाणी द्या." कचेरीच्या टँकरमधून त्यांनी घागरभर पाणी रोज पाठवलं, आणि घरमालकीणबाईंनी त्यातलं अर्धं रोज काढून घेतलं.

सोनकांबळे बाई शाळेतून रजा घेऊन आल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "डावा गाल पांढरा ठेवायचा ना आता?" टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. आम्ही परतीचा बैल एकेक कागदावर नव्यानं काढला, डाव्या कुशीचा. पण कॅमेऱ्यात घालायची फिल्म लातुरात मिळेना, ती हैदराबादहून आली, टिपून पुन्हा हैदराबादला धुवायला गेली, आणि मधे दोन दिवस रेल्वेच्या पार्सलात हरवली. सगळे मिळून अठरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी तीच खोली, त्याच घोंगड्या, तेच धोतर. या खेपेला मी माइकवर भारदस्त काही बोललो नाही. बैल गेला, खाऊन-पिऊन निघाला. दोनशे माणसं चाल बघत नव्हती. गाल बघत होती. बैल घरी पोचला.

"पुन्यांदा लाव," अप्पा म्हणाले.

पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ते उठून पडद्याजवळ गेले, बैलाच्या नाकाला नाक लावून उभे राहिले, आणि पडद्याच्या मागे जाऊन आले. पोरीबाळी हसायला लागल्या. "अप्पा, मागं काय बघताव?"

"दुसरी बाजू हाय का बगितली," अप्पा म्हणाले. ते मात्र हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "आता त्योच हाय."

मी सुटलो असं वाटलं, तेवढ्यात अप्पांनी पुढचं वाक्य टाकलं. "तर मंडळी, उद्या जनावरं न्यायची. पर ह्यो मल्लू छावणीच्या दारात बसंल. आत जानाऱ्या हरेक जनावराची दोन्ही बाजूंची चित्रं काढंल. खाली मालकाचा आंगठा, छावणीवाल्याची सही. नेताना ताळा घेऊ."

साहेब घाबरून म्हणाले, "अहो, असा काही नियम नाही!" पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीखाली मी आणि सोनकांबळे बाई कागदाचे गठ्ठे घेऊन बसलो होतो, आणि समोर रांग पार ओढ्यापर्यंत लागली होती. मी डावी बाजू काढायचो, बाई उजवी. पुढे साहेबांनी ही स्वतःची योजना म्हणून वर कळवली आणि शाबासकी मिळवली. मी कधी तक्रार केली नाही. त्यांनी मला घागरी दिल्या होत्या.

ही चित्रं काढायला नऊ दिवस लागले, आणि तेवढ्यात मला जी बोलणी बसली ती मुंबईच्या कोणत्याही गिऱ्हाइकानं दिली नव्हती. "आमच्या गाईचं शिंग एवढं वाकडं न्हाई." "कान जरा मोठा काढा, घराणं चांगलं हाय." एकानं आपल्या खोंडाच्या अंगावर चार किलो मांस जास्तीचं काढायला सांगितलं, म्हणजे परत घेताना तेवढं मागता येईल. म्हशींनी तर छळ मांडला. दोन्ही बाजूंनी काळ्या, समोरून काळ्या, मागून काळ्या. शेवटी बाईंनी म्हशींचे फक्त पाय आणि शिंगं काढायला सुरुवात केली आणि मालकिणींनी भांडणं काढली, की आमची आख्खी म्हैस का नाही. पाऊस पडल्यावर एकेक जनावर कागद धरून ताडून बाहेर निघालं. एकही बदललं नाही. उलट सात-आठ जण आपल्याच बैलाला ओळखेनात, कारण तो चित्रापेक्षा दुप्पट झाला होता. छावणीवाल्यांना चित्र दाखवून, डाग मोजून, त्यांच्या गळ्यात त्यांचेच बैल बांधावे लागले.

एवढं हसत हसत लिहिलं, पण पहिल्या दिवशी सकाळी रांगेत पहिलं कोण होतं ते लिहायचं मी टाळत आलो. अप्पाच होते. त्यांच्या हातात एकच दोर होता. हिराचा.

"बादल?" मी विचारलं.

"मंगळवारी बसला. मग उठला न्हाई."

आदल्या दिवशी फिल्म दाखवली तो गुरुवार होता. म्हणजे अप्पा तीनदा फिल्म लावायला सांगत होते, पडद्यापाशी जाऊन उभे राहत होते, तेव्हा बादल गेला होता. आणि त्यांनी खोलीत कोणाला कळू दिलं नव्हतं. गावानं जनावरं नेऊ नयेत असं त्यांना वाटत असतं, तर 'यांच्या चुकीपायी माझा बैल गेला' एवढंच त्यांनी तिथे सांगितलं असतं आणि गाव उठून गेलं असतं.

माझे अठरा दिवस. त्यातले दोन पार्सलाचे, बाकीचे त्या उलट्या कागदाचे. बादल तसाही जगला नसता असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं, डॉक्टरनंही सांगितलं. मी ते ऐकून घेतो. मला ते पटत नाही.

मी हिराच्या दोन्ही बाजू काढल्या. अप्पांनी अंगठा दिला, पण जागचे हलले नाहीत. मागे रांग खोळंबली होती. "दुसरा कागद घे," ते म्हणाले. "त्याचाबी काढ. जोडी हाय ती."

बादलची डावी बाजू मी गोठ्यात पाहिली होती. ती आठवून काढली. मग थांबलो. उजवी बाजू भिंतीकडे होती, मी ती कधी बघितलीच नव्हती. तसं सांगितलं. अप्पा माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि माझ्या कागदावर बोट ठेवत सांगू लागले. "कानामागं डाग हाय, तळव्याएवढा. हितं खांद्यावर जूचा घट्टा. पोटाखाली पांढरंच. न्हाई, जरा मागं. मांडीवर दोन डाग, एकाला एक लागून. शेपटीचा गोंडा निम्मा पांढरा." त्यांनी एका डागाची जागा तीनदा बदलायला लावली. मी तीनदा खोडलं. रांगेतलं कोणी घाई करा म्हणालं नाही. सोनकांबळे बाईंनी आपलं काम थांबवलं होतं आणि पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होत्या.

चित्र झालं. अप्पांनी कागद दोन्ही हातांत धरून लांब नेला, मग जवळ आणला. ते चूक काढतील म्हणून मी पेन्सिल हातातच ठेवली होती.

"उभा काढलास," ते म्हणाले. "बरं केलंस."